'सिन्सिअर' शब्दात मेण नाही

भाचीला वक्तृत्व स्पर्धेसाठी 'प्रामाणिकपणा' हा विषय मिळाला. तिच्या भाषणाचा पहिलाच परिच्छेद वाचून मी कपाळावर हात मारला. व्हॉट्सअॅपवर फिरणारी ती गोष्ट तिने जशीच्या तशी उतरवली होती. रोममधले लबाड मूर्तिकार संगमरवराचे तडे मेणाने बुजवत. उन्हाळ्यात मेण वितळलं की लबाडी उघडी पडे. म्हणून सचोटीचे कारागीर मूर्तीवर 'सिने सेरा', म्हणजे 'मेणाशिवाय', असा शिक्का मारत. त्यावरून इंग्रजीत 'सिन्सिअर' आला, आणि पत्राखाली 'युवर्स सिन्सिअरली' लिहिणं म्हणजे 'माझ्यात मेण नाही' अशी ग्वाही देणं! वर शाळेतल्या बाईंचा शेरा, 'छान सुरुवात'. आता गप्प बसवत नाही.

आधी तो शिक्का. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे आणि नेमका त्याचाच पत्ता नाही. रोमन काळातल्या असंख्य मूर्ती आज युरोपभरच्या संग्रहालयांत आहेत. लॅटिन कोरीव लेख गोळा करून छापण्याचं प्रचंड काम बर्लिनमध्ये इतिहासकार थिओडोर मॉमसेनच्या पुढाकाराने 1853 साली सुरू झालं, ते अजून चालू आहे. थडगी, मैलाचे दगड, विटांवरचे शिक्के, सगळं त्यात येतं. पण 'सिने सेरा' असा शिक्का असलेली एक मूर्ती आजवर कोणी दाखवलेली नाही. मूर्तिकार खरंच काय कोरत, ते मात्र दिसतं. व्हॅटिकनमध्ये 'बेल्व्हेडेअर धड' नावाची प्रसिद्ध भग्न मूर्ती आहे. ज्या खडकावर ती आकृती बसली आहे, त्यावर कोरलंय: 'अथेन्सच्या नेस्टरचा मुलगा अपोलोनिओस याने केले.' तेही ग्रीकमध्ये. कारागीर आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव सांगतो. मालाची हमी देत बसत नाही.

मला सर्वात जास्त राग येतो तो इथेच. एक शब्द समजावण्यासाठी आपण एका अख्ख्या कारागीर जमातीला फसवे ठरवतो, आणि तेही प्रामाणिकपणावरच्या भाषणात. संगमरवरात जोडकाम सर्रास चाले. हात, डोकं वेगळं घडवून लोखंडी खिळीने बसवत. ती कामाची पद्धत होती, लबाडी नव्हे.

उन्हाचा मुद्दा फार वेळ घेण्यासारखा नाही. मधमाशीचं मेण साधारण 62 अंशांच्या पुढे वितळतं. रोमच्या उन्हाळ्यात ते मऊ पडेल, पण मूर्तीवरून ओघळणार नाही.

आता एक अर्धसत्य आहे, ते मान्य करावंच लागतं. रोमन लोक मूर्तींना मेण लावत. पण ते उघडपणे, चकाकी यावी आणि पृष्ठभाग टिकावा म्हणून. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या व्हिट्रूव्हियसने आपल्या वास्तुशास्त्रावरच्या ग्रंथाच्या सातव्या भागात हिंगुळाने रंगवलेल्या भिंतीसाठी कृती दिली आहे: थोडं तेल घालून वितळवलेलं मेण ब्रशने भिंतीवर लावायचं, लोखंडी भांड्यातल्या निखाऱ्यांची धग देऊन ते सारखं पसरवायचं, मग मेणबत्ती आणि स्वच्छ कापडाने घासायचं. आणि पुढे तो म्हणतो, उघड्या संगमरवरी मूर्तींची निगा अशीच राखतात. म्हणजे 'मेणाशिवाय' असं कोणी लिहिलंच असतं, तर गिऱ्हाइकाला वाटलं असतं की शेवटचा हात फिरवायचा राहिलाय.

दुसरं, 'सिने सेरा' हे शब्द अगदी हवेतून आलेले नाहीत. चौथ्या शतकातला व्याकरणकार डोनाटस 'सिन्सेरुस'चा, म्हणजे 'सिन्सिअर'च्या मूळ लॅटिन शब्दाचा, अर्थ सांगताना 'मेणाशिवायच्या मधासारखं शुद्ध' असं म्हणतो. पण त्यातही पोळं आहे, मूर्तिकार नाही. शिवाय तेव्हा हा शब्द कित्येक शतकं जुना झाला होता.

ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश या मेणाच्या व्युत्पत्तीत तथ्य नाही असं साफ सांगतो. तेवढ्यावर वाद मिटायला हरकत नाही. लॅटिन 'सिन्सेरुस' म्हणजे स्वच्छ, निर्भेळ, अखंड. डोनाटसच्या कितीतरी आधी रोमन कवी होरेसने लिहून ठेवलंय की भांडं 'सिन्सेरुम' (त्याच शब्दाचं रूप) नसेल तर त्यात ओताल ते आंबेल. शब्दाचा पहिला भाग बहुधा 'एक' अर्थाच्या त्या मुळापासून आला, ज्यातून लॅटिनला 'सिंप्लेक्स' (साधा) आणि संस्कृतला 'सकृत्' (एकदा) मिळाला. दुसरा 'वाढणे' या अर्थाच्या मुळापासून. एकाच वाणाचं, मिसळ नसलेलं.

उरलं 'युवर्स सिन्सिअरली'. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकात आला तो याच अर्थाने. 1611 च्या इंग्रजी बायबलात, पेत्राच्या पहिल्या पत्रात, तान्ह्या बाळांसारखी 'सिन्सिअर' दुधाची ओढ धरा असं म्हटलंय. तिथे निर्भेळ दूधच अभिप्रेत आहे. पत्राखालच्या सहीला तो नंतर चिकटला. बाईंना भाषणाची सुरुवात रोमपासूनच हवी असेल तर होरेसचं भांडं घ्यावं. मुलांना ते एका वाक्यात कळतं आणि त्यात खोटं काही नाही.