आधी सांग, तो खातो काय?

आमच्या चोपड्याच्या कट्ट्यावर वाद होतात ते बहुतेक केळीच्या भावावरून. परवा मात्र परग्रहावरच्या जीवांवरून जुंपली, आणि बोलणं इतकं रंगलं की लिहून काढल्याशिवाय राहवेना.

सुरुवात गोलूनं केली. पोरगा एमपीएससीचा अभ्यास करतो आणि रात्री जागून सायन्स फिक्शन बघतो. त्यानं पाहिलेल्या पिक्चरमध्ये परग्रहावरचा प्राणी माणसाच्या अंगात अंडं घालतो आणि पिल्लू बरगड्या फोडून बाहेर येतं. त्याचं म्हणणं, "हे काही उगाच रचलेलं नाही. निसर्गात असं आहेच."

आहेच. नानांचं कृषी केंद्र कट्ट्याला लागूनच, त्यांनी आत जाऊन ट्रायकोकार्ड आणलं. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तांदळातल्या पतंगाची साधारण 20,000 अंडी चिकटवलेली. प्रत्येक अंडं काळं पडलेलं, कारण आत पतंगाची अळी नाही, ट्रायकोग्रामा नावाच्या मित्रकीटकाचं पोर वाढतंय. हा कीटक एक मिलिमीटरपेक्षाही लहान. पट्ट्या कापून कपाशीच्या पानाखाली टाचायच्या. कीटक बाहेर पडून बोंडअळीच्या पतंगाची अंडी हुडकतात आणि त्यांच्यात आपली अंडी घालतात. मग बोंडअळी जन्मालाच येत नाही. नानांनी भिंग दिलं. काही काळ्या अंड्यांना टाचणीच्या टोकाहून बारीक भोक दिसलं, आतला कीटक कुरतडून निघून गेलेला.

"झालं की मग!" गोलू म्हणाला.

"नाही झालं," सर म्हणाले. ते ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. "अंड्याला फारसा प्रतिकार करता येत नाही. जिवंत अळीत अंडं घालायचं तर अळीच्या रक्तातल्या पेशी त्या अंड्याला वेढून मारतात. म्हणून काही परजीवी गांधीलमाश्या अंड्याबरोबर एक विषाणूही अळीत सोडतात. तो अळीची प्रतिकारशक्तीच बंद पाडतो. त्या विषाणूची जनुकं माशीच्या स्वतःच्या जनुकांत मुरलेली आहेत, आणि हा डाव साधारण 10 कोटी वर्षं चाललाय. तुझा प्राणी माणसाला पहिल्यांदा भेटतोय, गोलू. त्याला आपल्या रक्ताची ओळख कुठून असणार?"

माझ्या मते पिक्चरवाले नेमके इथेच चुकतात. परजीवी हा निसर्गातला सगळ्यात चोखंदळ जीव. यजमानासोबत पिढ्यान्‌पिढ्या घालवल्याशिवाय तो त्याच्या अंगात टिकत नाही. पडद्यावरचा सगळ्यात भयंकर परग्रहवासी म्हणूनच सगळ्यात अशक्य आहे.

आबा इतका वेळ गप्प होते. त्यांची केळीची बाग आहे, सीएमव्ही म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू, तो लागलेली झाडं त्यांनी स्वतःच्या हातानं उपटलीत. ते म्हणाले, "पण हा व्हायरस काकडीवरून केळीवर येतो ना?"

"येतो. हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींना लागतो," सर म्हणाले. "पण तुमच्या त्या झाडाचं केळं खाऊन कुणाला सीएमव्ही झाला का? विषाणू स्वतःच्या बळावर वाढत नाही, पेशीकडून काम करून घेतो. केळी आणि माणूस दोघांच्या पेशी जनुकं एकाच पद्धतीनं वाचतात, तरी तो केळीतून आपल्यात येत नाही. परग्रहावरच्या विषाणूची जनुकं तर आपली पेशी वाचेलच कशी?"

बुरशी किंवा जीवाणूंसारख्या जिवाचं तसं नाही, हे सरांनी मान्य केलं. त्याला आपली पेशी नको, नुसतं अन्न चालतं. म्हणून तर 1969 मध्ये चंद्रावरून परतलेल्या अपोलो 11 च्या अंतराळवीरांना 21 दिवस वेगळं ठेवलं होतं. मला ती खबरदारी योग्यच वाटते.

मग आबांनी खरा प्रश्न टाकला. "ते सगळं ऱ्हाऊ दे भो. आधी सांग, तो खातो काय?"

माणूस खाणार म्हणावं, तर पचायला हवा. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या पंजासारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा. पृथ्वीवरच्या जिवांची प्रथिनं डाव्या रूपाची बनतात. 1969 मध्येच ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत अमिनो आम्लं सापडली, तीही डावी आणि उजवी दोन्ही. म्हणजे कच्चा माल आकाशात आहे, पण कुठल्या जिवानं कुठलं रूप उचललं असेल ते सांगता येत नाही. उजव्यावर पोसलेल्या प्राण्याला आपलं मांस खाऊनही त्यातली प्रथिनं बहुधा पचणार नाहीत.

"आणि जिथं ऊनच नाही तिथं?" आबांनी विचारलं. शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे. त्यातून उडणाऱ्या फवाऱ्यांत कॅसिनी यानाला हायड्रोजन सापडला, 2017 मध्ये ते जाहीर झालं. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन सोडणारे सूक्ष्मजीव आपल्याकडे आहेत. त्यांना ऊन नको, ऑक्सिजन तर सोसतच नाही. आबांच्या गोठ्यामागच्या गोबरगॅसच्या टाकीत मिथेन करतात ते याच जातकुळीचे.

गोलूचा चेहरा पडला. "असल्या जंतूंवर कोण पिक्चर काढेल?"

मी म्हटलं, काढावा. कारण मिथेन खडक आणि पाण्यापासून जिवाशिवायही तयार होतो. यानात बसलेल्या माणसासमोर मिथेन आहे, आणि तो जिवानं सोडला की खडकानं, हे त्याला ठरवायचंय. बरगड्या फोडणाऱ्या पिल्लापेक्षा मला यात जास्त थरार वाटतो.

"ठरवणार कसं?"

सर म्हणाले, "एका खुणेवर भागणार नाही. पण त्या पाण्यातली अमिनो आम्लं तपासायची. डावी-उजवी सारखी निघाली तर बहुधा नुसतं रसायन. जवळपास सगळी एकाच रूपाची निघाली तर समजायचं, तिथं कुणीतरी निवडून वापरतंय."

गोलू सरसावून बसला. "आणि सगळी उजवी निघाली तर?"

"तर तो आपल्या कुळातला नाही. पृथ्वीवरून गेलेला नाही, की त्याच्याकडून आपण आलेलो नाही. तिथं जीव वेगळा, स्वतंत्र जन्मलाय."

"मंग तर मोठं काम व्हई," आबा म्हणाले, आणि गोलूनं सरांना लगेच विचारलं की हे तपासणारं यंत्र यानात मावतं का.