रोज लिहिल्याने वाचक परत येतो का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि तिच्यातले आक्षेप माझ्या लेखाच्या थेट मुळाशी जातात, म्हणून दोन ओळींत आभार मानून न थांबता नीट उत्तर द्यावे असे वाटले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी असे म्हटले होते की, ब्लॉगवर वाचक पुन्हा पुन्हा यावा असे वाटत असेल तर रोज काहीतरी प्रकाशित करण्याचा आग्रह सोडावा आणि त्यातून वाचलेला वेळ जुने लेख राखण्यात घालवावा. त्यावर आपले म्हणणे असे की, आपण सलग काही महिने रोज लिहिले तेव्हा आकडेवारीत परतणाऱ्या वाचकांचे प्रमाण ठळकपणे वाढले आणि लेखन आठवड्या-दहा दिवसांवर आणताच ते घसरले. वाचक सवयीने येतो आणि सवय मोडली की विसरतो. शिवाय माझा सल्ला ज्याच्या गाठीशी जुन्या लेखांचा साठा आहे त्यालाच परवडणारा आहे, नवख्याच्या तो काही कामाचा नाही.

आपल्या आकडेवारीविषयी मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण हा आकडा जे सांगतो असे आपण धरून चालतो ते तो पुष्कळदा सांगत नाही. ‘परतलेला वाचक’ मोजणारी बहुतेक साधने माणूस ओळखत नाहीत, ब्राउझर ओळखतात. वाचक पहिल्यांदा येतो तेव्हा त्याच्या ब्राउझरमध्ये एक छोटी नोंद, म्हणजे कुकी, ठेवली जाते आणि पुढच्या वेळी ती सापडली तरच तो परतलेला धरला जातो. सकाळी मोबाइलवर अर्धा लेख वाचून संध्याकाळी संगणकावर तो पूर्ण करणारा एकच माणूस या हिशेबात दोन नवे वाचक ठरतो. इथपर्यंतचे आपल्याला ठाऊक असेलच. मात्र २०१९ सालापासून सफारी ब्राउझरने त्यात आणखी एक भर घातली आहे. पानावरच्या स्क्रिप्टने, म्हणजे पानासोबत ब्राउझरमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामने, ठेवलेली कुकी सफारी जास्तीत जास्त सात दिवस जपतो; त्या मुदतीत वाचक पुन्हा आला तर मुदत नव्याने सुरू होते, आला नाही तर नोंद पुसली जाते. म्हणजे सफारीवरून दर दहा दिवसांनी नेमाने येणारा आणि प्रत्येक लेख शेवटपर्यंत वाचणारा माणूस आपल्या तक्त्यात प्रत्येक वेळी नवा म्हणून उगवतो, आणि रोज डोकावून शीर्षक पाहून निघून जाणारा मात्र निष्ठावान वाचक म्हणून नोंदला जातो.

आता आपला अनुभव या नजरेने पाहावा. आपण रोज लिहीत होता तेव्हा वाचकाच्या दोन भेटींमधले अंतर सात दिवसांच्या आत राहत होते. लेखन आठवड्या-दहा दिवसांवर गेले तेव्हा ते अंतर अनेकांच्या बाबतीत नेमके त्या मुदतीपलीकडे गेले असणार. त्यांच्यापैकी कोणीही आपला ब्लॉग सोडला नसता तरी परतणाऱ्यांचे प्रमाण खाली आलेले दिसलेच असते. सगळी घसरण यामुळेच झाली असा माझा दावा नाही, आणि तो करायची गरजही नाही, कारण हे तपासता येते. परतणाऱ्या वाचकांचा आकडा ब्राउझरनुसार वेगळा काढून पाहावा. घसरण सफारीत मोठी आणि इतरत्र किरकोळ असेल, तर आपण वाचक गमावले नाहीत, फक्त त्यांची ओळख गमावली. ती सगळीकडे सारखीच असेल, तर आपला आक्षेप आज आहे त्याहून बळकट होईल आणि मला त्याला वेगळे उत्तर शोधावे लागेल.

या मोजणीच्या बाहेर राहणारे वाचक तर आणखी वेगळेच. जे लोक फीड रीडरमध्ये, म्हणजे निवडलेल्या ब्लॉगांचे नवे लेख (त्यांचे ‘फीड’) आपोआप एका जागी आणून दाखवणाऱ्या साधनात, पूर्ण लेख वाचतात ते आपल्या पानावर येतच नाहीत, त्यामुळे तिथली मोजणारी स्क्रिप्ट त्यांच्यासाठी चालतच नाही. आपला ब्लॉग स्वतःच्या सर्व्हरवर असेल तर त्याच्या नोंदवहीत त्यांची चाहूल लागते: फीडलीसारखी सेवा आपले फीड उचलायला येते तेव्हा तिच्या ओळखीच्या ओळीतच त्या फीडचे किती सदस्य आहेत ते लिहिलेले असते. ईमेलने लेख पाठवत असाल तर तिथल्या ‘उघडले’ या आकड्यावरही फार विसंबू नये. ॲपलच्या मेलमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की, ती चालू असल्यास पत्रातली चित्रे आधीच उतरवून घेतली जातात आणि न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे दिसते. पत्राला आलेले उत्तर हा त्याहून कितीतरी भरवशाचा पुरावा आहे.

वाचक विसरतो, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. कितीही आवडता ब्लॉग असला तरी ‘तिथे काही नवे आले असेल का’ हे आठवणीने पाहणारा माणूस विरळाच. पण विसरण्यावरचा उपाय वर्दी हा आहे, वारंवारता नव्हे. फीडची व्यवस्था नेमकी याचसाठी जन्माला आली: वाचकाने एकदा नाव नोंदवायचे, मग लेख दोन दिवसांनी येवो की दोन महिन्यांनी, तो आपोआप त्याच्यापुढे येणार. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर हे लोकप्रिय फीड रीडर बंद झाले तेव्हा ही सवय असलेले असंख्य वाचक विखुरले आणि त्यांचे वाचन समाजमाध्यमांच्या हाती गेले, जिथे कोणाला काय दिसावे हे वाचक ठरवत नाही. रोज काहीतरी टाकत राहिले नाही तर आपण दिसेनासे होऊ, ही लेखकांची धास्ती माझ्या मते मुख्यतः तिथून आली आहे. ब्लॉगच्या स्वभावात ती मुळात नव्हती. फीड आजही चालते, ईमेलही चालतो. म्हणून फीडमध्ये तुकडा न देता पूर्ण लेख द्यावा आणि ईमेलची नोंदणी लेखाच्या शेवटी ठेवावी, म्हणजे लेख आवडला की नाही हे ठरल्यानंतर वाचकाला विचारणा होईल. पहिले वाक्य वाचण्याआधीच सूचना पाठवण्याची परवानगी मागणारी चौकट मला वाचकाचा अनादर वाटते आणि ती मी कधीही लावणार नाही.

ज्या विषयात रोज नवे घडते, त्यात रोज लिहावेच. त्याबद्दल वाद नाही.

नवख्या लेखकाविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटला. लिहिण्याचा सराव म्हणून नवख्याने रोज लिहावे, हे मीही सांगेन. पण सरावासाठी लिहिलेले सगळेच प्रकाशित करावे लागत नाही, आणि प्रकाशित केलेले वाचकाला परत आणतेच असेही नाही. आकाशनिरीक्षणावर लिहिताना मला हे जवळून पाहायला मिळाले. २१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांपासून जेमतेम दशांश अंशावर आले होते. त्या युतीवरच्या माझ्या लेखाला तोवर कधी नव्हती इतकी गर्दी झाली आणि युती सरताच ती पांगली. त्यात वाचकांचे काही चुकले नव्हते. त्यांना जे हवे होते ते मिळाले आणि लेखाचे काम तिथे संपले.

गुरूच्या चार मोठ्या चंद्रांवरच्या लेखाचे तसे झाले नाही. त्याच्या शेवटी वाचकासाठी एक काम दिले आहे: साधी द्विनेत्री दुर्बीण कठड्यावर घट्ट टेकवून गुरूकडे पाहावे, त्याच्या आजूबाजूला एका रेषेत दिसणारे ठिपके कागदावर काढावेत, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा काढावेत आणि दोन्ही चित्रे जुळवून पाहावीत. या चंद्रांपैकी आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत गुरूभोवती फेरी मारतो आणि कॅलिस्टोला जवळपास सतरा दिवस लागतात, त्यामुळे एका रात्रीत मांडणी बदलते आणि कोणता ठिपका कोणता चंद्र हा प्रश्न वाचकापुढे आपसूक उभा राहतो. त्याचे उत्तर शोधायला तो परत येतो. कोणी लिहिते की आपल्याला तीनच ठिपके दिसले. मग चौथा गुरूच्या बिंबापुढे किंवा मागे असू शकतो, किंवा त्याच्या सावलीत शिरलेला असू शकतो, हे मी तिथे सांगतो आणि पुढे ते स्पष्टीकरण मूळ लेखात घालून खाली दुरुस्तीची तारीख टाकतो. गुरू सूर्याच्या तेजात लपतो त्या काही आठवड्यांत हा लेख शांत असतो. पुढे साधारण दर तेरा महिन्यांनी गुरू सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येऊन रात्रभर दिसू लागला की त्याला पुन्हा वाचक मिळतात, आणि त्यांत काही ओळखीची नावेही असतात. असा लेख लिहायला जुना साठा लागत नाही. तो कोणाचाही पहिला लेख असू शकतो. वाचकाने पान मिटल्यावर त्याच्या हातून काहीतरी घडावे आणि घडल्यावर त्याला पुन्हा या लेखाची गरज पडावी, एवढे मात्र लिहिण्याआधी ठरवावे लागते.

यात लेख राखणे कुठे येते, असे आपण विचाराल. दुर्बिणीच्या आरशांची जुळणी कशी करावी यावरचा लेख घ्या. आरसे प्रवासात हलतात, त्यामुळे एकाच माणसाला ती जुळणी वर्षातून अनेकदा करावी लागते, आणि दर वेळी बारकावे लक्षात राहतातच असे नाही. अशा वाचकाने पानाची खूण जपून ठेवलेली असते. मी ब्लॉगची रचना बदलताना त्या लेखाचा पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी कायमची वाट ठेवली नाही, तर नेमक्या गरजेच्या वेळी त्याच्यापुढे ‘पान सापडले नाही’ एवढेच येईल. ही हानी कोणत्याच आकडेवारीत ‘वाचक गमावला’ अशा नावाने दिसत नाही. तुटलेले दुवे, न उघडणारी चित्रे, अनुत्तरित राहिलेली प्रतिक्रिया यांचेही तसेच आहे. रोजच्या नव्या लेखापायी या कामांना वेळ उरत नाही आणि ती पुढच्या महिन्यावर ढकलली जातात. मागच्या लेखात माझा विरोध होता तो याला.

आपण शेवटी विचारले आहे की, महिनाभर नवे काही आले नाही तर ब्लॉग बंद पडला असे वाचकाने का समजू नये. प्रश्न रास्त आहे. माझ्या ब्लॉगच्या पहिल्या पानावर नव्या लेखांच्या यादीशेजारी अलीकडे दुरुस्त केलेल्या लेखांचीही तारखेसह यादी असते, ती याचसाठी. आपल्याकडे अशी यादी ठेवून पाहावी, असे मी सुचवेन. आणि ब्राउझरनुसार आकडे काढलेत तर ते काहीही निघोत, इथे अवश्य लिहावेत; मूळ लेखाच्या खाली, आपल्या परवानगीने, मी ते जसेच्या तसे जोडेन.