कोल्मन्सकॉप एका रात्रीत ओस पडले नाही

नामिबियाच्या वाळवंटातील कोल्मन्सकॉप या ओसाड गावाची, खोल्यांत कमरेइतकी वाळू साचलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. त्यांच्यासोबतच्या मजकुराचा आशय साधारण असा असतो: निर्मनुष्य वाळवंटात जर्मनांना हिरे सापडले, त्यांनी तेथे स्वतःच्या हिकमतीने युरोपसारखे शहर उभारले, मग हिरे संपले, लोक एका रात्रीत सर्व काही टाकून निघून गेले आणि लोभाची शिक्षा म्हणून वाळवंटाने गाव गिळले, आता तेथे कोणालाही पाऊल ठेवता येत नाही. यातले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे किंवा अर्धवट आहे.

पहिला हिरा जर्मनांना सापडला, येथूनच चूक सुरू होते. 1908 मध्ये, हा प्रदेश जर्मनीची वसाहत असताना, कोल्मन्सकॉपजवळच्या ल्युडेरिट्झ बंदरापासून आत जाणाऱ्या रेल्वेमार्गावरची वाळू उपसताना झकारियास लेवाला या कृष्णवर्णीय कामगाराला तो चमकदार खडा दिसला. त्याने पूर्वी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लेच्या हिरेखाणींत काम केलेले असल्यामुळे त्याची नजर तयार होती. खडा त्याने आपला वरिष्ठ ऑगस्ट श्टाउख याच्या हाती दिला. श्टाउखने तातडीने शोधपरवाने मिळवले आणि तो श्रीमंत झाला. लेवालाच्या वाट्याला त्यातले काही आले नाही.

ज्या रेल्वेमार्गावर हा हिरा सापडला, तो कोणी बांधला, हे त्या मजकुरात कधीच नसते. हेरेरो आणि नामा या स्थानिक लोकांनी जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केल्यानंतर त्यांचा जो संहार झाला, त्यातून जिवंत राहिलेल्यांना छळछावण्यांत डांबण्यात आले. ल्युडेरिट्झजवळच्या शार्क बेटावरची छावणी त्यांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध होती. या कैद्यांना रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. जानेवारी 1906 ते जून 1907 या काळात ल्युडेरिट्झच्या मार्गावर राबवलेल्या 2,014 कैद्यांपैकी 1,359 जण मेल्याची नोंद जर्मन कागदपत्रांतच आहे. अशा प्रदेशाला ‘निर्मनुष्य’ म्हणणे मला केवळ चुकीचे नव्हे, तर अन्यायाचे वाटते.

गावातल्या सुखसोयींचे वर्णन मात्र बरेचसे खरे आहे. रुग्णालय, वीजकेंद्र, नाट्यगृह, बॉलिंगची गल्ली आणि बर्फाचा कारखाना असे सारे काही तेथे होते. पण भरभराटीच्या काळात सुमारे 300 जर्मन प्रौढ राहत असताना उत्तरेकडून कंत्राटावर आणलेले ओवाम्बो जमातीचे कामगार सुमारे 800 होते, आणि वाळूवर रांगत, डोके जमिनीलगत नेऊन हिरे वेचण्याचे काम त्यांचे होते. रुग्णालयातल्या क्ष-किरण यंत्राचे कौतुक होते, पण कामगारांनी हिरे गिळले आहेत का हे तपासण्यासाठीही ते वापरले जाई, ही बाब गाळली जाते.

हिरे संपले म्हणून गाव उठले, हे विधान समजून घ्यायचे तर ते हिरे तेथे आले कसे, हे पाहावे लागते. आफ्रिकेच्या अंतर्भागातले हिरे ऑरेंज नदीने लाखो वर्षे वाहून अटलांटिकच्या किनाऱ्यावर आणले, लाटा व सागरी प्रवाहांनी ते उत्तरेकडे सरकवले आणि पुढे वाऱ्याने हलकी वाळू उडवून नेल्यामुळे जड खडी व हिरे उघडे पडले. नदीच्या मुखाजवळ मोठे खडे राहिले आणि उत्तरेकडे जावे तसे ते लहान होत गेले. कोल्मन्सकॉप मुखापासून बरेच उत्तरेला होते. 1928 च्या सुमारास मुखाजवळ अतिशय समृद्ध साठे सापडले, तेव्हा खाणकंपनीने माणसे, यंत्रे आणि भांडवल तिकडे वळवले. 1936 मध्ये तेथे ओरान्येमुंड हे नवे गाव वसले, तर कोल्मन्सकॉप दक्षिणेकडे सामान पाठवण्याचे ठाणे म्हणून टिकून राहिले. शेवटची कुटुंबे 1956 मध्ये गेली. पहिल्या महायुद्धात हिऱ्यांचा व्यापार कोलमडला, 1915 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने प्रदेश ताब्यात घेतला, 1920 मध्ये खाणी अर्नेस्ट ओपेनहायमर यांच्या कंपनीकडे गेल्या आणि मग हा दक्षिणेकडचा ओघ सुरू झाला. म्हणजे गावाची उतरण सुमारे चार दशके चालली. नामिबियाचे हिरेही संपलेले नाहीत. आज त्यांतला मोठा वाटा समुद्राच्या तळातून काढला जातो.

वाळूने गाव ‘गिळले’, हे तर कारण आणि परिणाम यांची उलटापालट करणे आहे. वाळू पहिल्या दिवसापासून येत होती, आणि वस्ती असेपर्यंत ती रोज झाडून व उपसून काढली जात होती. माणसे गेल्यावर झाडणारे कोणी उरले नाही, म्हणून ती घरांत शिरून साचली. शिवाय सगळे गाव तसे नाही: काही इमारती दुरुस्त करून 1980 पासून संग्रहालय म्हणून राखल्या आहेत, पण छायाचित्रांत त्या क्वचितच येतात.

बंदीचा उल्लेख कदाचित 1908 मध्ये जाहीर झालेल्या निषिद्ध हिरेक्षेत्रावरून आला असावा. त्या क्षेत्राचे 2008 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, आणि कोल्मन्सकॉप पाहण्यासाठी परवाना घ्यावा लागत असला तरी तो पर्यटकांना सहज मिळतो.