मॅकबेथ यंदा कारखान्याला उभा आहे

विभागाच्या बैठकीत चहा येण्याआधी जे ठराव होतात, त्यांच्यापासून सावध राहावं. यंदा असाच एक झाला. टी.वाय.च्या मुलांना संशोधनाची कौशल्यं शिकवायची, आणि वेगळे तास नसल्यामुळे ती शेक्सपिअरच्या पेपरातच शिकवायची. प्रकल्पही तिथल्या तिथे ठरला: त्याचं एक नाटक आजच्या काळात आणून सादर करायचं, आणि त्यासाठी केलेलं संशोधन संदर्भसूचीसकट वहीत दाखवायचं. काम कुणाकडे, हा प्रश्न आल्यावर विभागप्रमुख माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचं तरुण रक्त आहे." मी पंचेचाळिशीची आहे. पण बाकीचे सगळे पेन्शनचे कागद जुळवण्यात असल्यामुळे आमच्या विभागात मीच तरुण रक्त.

आमचं कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव. मुलं एसटीनं येतात, भूगोलाच्या जागा भरल्या की स्पेशल इंग्लिश घेतात, आणि गळीत हंगामात त्यांच्यातली निम्मी वजनकाट्याच्या रांगेत असतात. हुशार आहेत. माझ्यापेक्षा जास्त गोष्टी त्यांना ठाऊक असतात. त्या कुठून ठाऊक झाल्या, एवढंच त्यांना ठाऊक नसतं.

पहिल्या फेरीच्या वह्या आल्या. एकाची संदर्भसूची होती 'गुगल'. दुसऱ्याची 'गुगल, क्रोम, मोबाईल'. एकीनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'ताईचा फोन (ताई रविवारी येते)'. एका वहीत शेक्सपिअरचं एक प्रेरणादायी वचन होतं, आणि त्या वचनात लिफ्ट होती. मी दोनदा वाचलं. लिफ्टच होती. त्याला विचारलं, हे कुठं मिळालं? म्हणाला, "मॅडम, त्या एआयनं दिलं." तो म्हणतो ते खरं कशावरून? "इंग्रजी लई चांगलं हाय की त्याचं."

म्हणून मी अगदी मुळापासून, म्हणजे जन्मतारखेपासून सुरुवात केली. शेक्सपिअर २३ एप्रिल १५६४ रोजी जन्मला, असं सगळीकडे छापलेलं असतं. कागद काय सांगतो? स्ट्रॅटफर्डच्या चर्चच्या वहीत २६ एप्रिलला त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. जन्माची नोंद नाहीच. तो वारला मात्र २३ एप्रिलला, १६१६ साली. त्यात २३ एप्रिल हा इंग्लंडच्या संत जॉर्जचा दिवस. मग लोकांनी जन्मालाही तीच तारीख लावून टाकली. हे पचवायला मुलांना अख्खा तास लागेल, अशा हिशेबानं मी खडू उचलला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे एक जून, मॅडम."

सगळा वर्ग हसला. यांच्या घरातल्या निम्म्या वडीलधाऱ्यांना शाळेत नाव घालताना मास्तरांनी एक जूनला जन्माला घातलेलं आहे. शेक्सपिअरच्या जेमतेम सहा सह्या शिल्लक आहेत आणि त्यांत आडनावाचं स्पेलिंग एकसारखं नाही, हे सांगितल्यावर तर मुलांना त्याची काळजीच वाटली. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. गड्याला पीकविमा मिळायचा नाही.

जोर आला म्हणून मी माझा सिद्धांत मांडला. माझं असं म्हणणं आहे की शेक्सपिअरच्या शोकांतिकांत माणसं तलवारीनं किंवा विषानं मरतात असं आपल्याला उगीच वाटतं. ती मरतात खातरजमा न केल्यामुळे. ऑथेल्लोला रुमालाबद्दल बायकोच्या तोंडासमोर बसून चार सरळ प्रश्न विचारता आले असते. तो इयागोचं ऐकतो. 'किंग लिअर'मधला ग्लॉस्टर धाकट्या मुलानं दाखवलेलं पत्र थोरल्याचंच समजतो. रोमिओ ज्युलिएटची नाडीसुद्धा बघत नाही. आणि 'ज्युलिअस सीझर'मधला तो बिचारा कवी सिन्ना! जमाव त्याला गाठतो, तो ओरडून सांगतो की कटातला सिन्ना मी नव्हे, मी कवी. तर कुणीतरी म्हणतं, मग वाईट कवितांसाठी फाडा याला. नावसाधर्म्यावर गेला. मी अगदी रंगात येऊन म्हटलं, "बघा, एकानं जरी स्रोत तपासला असता तर?"

"तर नाटकच झालं नसतं," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "तपासलं न्हाई म्हणून तर तो चारशे वर्षं टिकला, मॅडम."

वर्गानं हे लगेच वहीत लिहून घेतलं. माझं कुठलंही वाक्य त्यांनी इतक्या तत्परतेनं लिहून घेतलेलं नाही.

मग गट पाडले. रोमिओ-ज्युलिएटवाला गट दुसऱ्याच दिवशी अडकला. त्यांच्या ज्युलिएटकडे फोन होता. फोन असलेली मुलगी मेल्याचं सोंग करण्याआधी नवऱ्याला दोन शब्द टाकणार नाही? मूळ नाटकात पत्र पोचत नाही, कारण ते नेणाऱ्या साधूला प्लेगच्या संशयावरून घरात कोंडून ठेवतात. हे समजवावं लागलं नाही, २०२० साली यांच्या गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले होते. पण बांबूच्या आतही रेंज येत होती, हीच तर अडचण. शेवटी त्यांनी ठरवलं की निरोप गेला, एक टिक आली, दुसरी आलीच नाही, आणि त्या दुसऱ्या टिकची वाट बघण्यात दोन घराणी बुडाली. मला हे आवडलं. पण गटातल्या एकाचा चुलता पोलिसात आहे. त्यानं ज्युलिएटचं वय काढलं. चौदा पूर्ण व्हायला अजून दोनेक आठवडे. "मॅडम, ह्यात पोक्सो लागतो. आन् बालविवाह लावला म्हणून तो साधूबी आत जातोय." लग्न दुसऱ्या अंकाच्या शेवटी लागतं. म्हणजे तिसऱ्या अंकापासून सगळी पात्रं पोलीस ठाण्यात. चौकीचा सेट सोपा पडतो म्हणून गटानं हा शेवट एकमतानं मंजूर केला.

हे काम आपल्याकडे काही नवं नाही, हेही मी सांगून बघितलं. आगरकरांनी १८८३ साली हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी १८९०मध्ये ऑथेल्लोला 'झुंझारराव' करून मराठी पागोटं चढवलं. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मागे 'किंग लिअर' आहे म्हटल्यावर मात्र एकीनं हात वर केला. तिच्या मामांच्या मते प्रकार उलटा होता, लिअरच नटसम्राटवरून उचललेला आहे. मी म्हटलं, वा, दावा आहे ना, मग तपास. तिनं खरंच तपासलं. 'नटसम्राट' १९७०चं आणि लिअरचा राजदरबारातला प्रयोग २६ डिसेंबर १६०६चा, असं वहीत नीट लिहून आणलं. मामांना कळवलंस का, म्हणून विचारलं. "कळवलं की. मामा म्हणाले, इंग्रजांनी आपलं सगळंच नेलंय."

त्याच आठवड्यात मी उचलेगिरीवर तास घेतला. यूजीसीचे २०१८चे नियम फळ्यावर लिहिले: प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. सगळी वही जशीच्या तशी उतरवणारा आमचा एक वीर आहे. तो दोन दिवस दिसला नाही. तिसऱ्या दिवशी ग्रंथालयाची धूळ अंगावर घेऊन आला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून संशोधन केलं होतं, आणि ते केवळ कॉपीच्या समर्थनार्थ. रोमिओ-ज्युलिएटची गोष्ट आर्थर ब्रुकच्या १५६२च्या कवितेतून घेतलेली. ऑथेल्लो चिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या कथेतून. क्लिओपात्राच्या नौकेचं ते गाजलेलं वर्णन तर थॉमस नॉर्थनं १५७९ साली केलेल्या प्लुटार्कच्या भाषांतरातून, कित्येक ठिकाणी शब्दांसकट. "ह्याचं साम्य किती टक्के निघंल, मॅडम? ह्याची नोंदणी कोण रद्द करणार?"

मी म्हटलं, बाळा, त्यानं नुसतं उचललं नाही, बदललं. ब्रुकच्या कवितेत जे प्रकरण महिनोन्‌महिने रेंगाळतं, ते त्यानं चार-पाच दिवसांत उरकलं.

"मीबी फाँट बदललाय की."

या मुलाला मी मॅकबेथच्या गटात टाकलं. त्या गटानं मॅकबेथला सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभा केला होता, आणि आमच्याकडे निवडणुकीत असं डोकं वाया जात नाही.

मॅकबेथ व्हाईस चेअरमन. राजा डंकन चेअरमन. तीन चेटकिणी म्हणजे बूम घेऊन फिरणारे तीन यूट्यूब चॅनेलवाले, जे बांधावर भेटून सांगतात, "आतली बातमी हाय, पुढचे चेअरमन तुम्हीच." लेडी मॅकबेथ अर्थातच वहिनीसाहेब. पहिली अडचण डंकनच्या खुनाची. "मॅडम, खून कशाला? अविश्वास ठराव आणू की." मी म्हटलं, मग अपराधाचं ओझं कसलं, वहिनीसाहेब झोपेत चालत हात कसले धुणार? यावर गटानं एक रात्र मागून घेतली. दुसऱ्या दिवशी वहिनीसाहेब रंगमंचावर आल्या त्या बोट घासत. बोटावर मतदानाची शाई. बोगस मताची. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं, शाई जाईना. वहीत टीपही होती: शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, ते कातडीत बसतं, म्हणून धुऊन जात नाही. मी इतकी वर्षं तो प्रवेश शिकवतेय, पण मला कधी पुसला न जाणारा डाग इतका कळलेला नव्हता.

मॅकबेथनं मारवलेल्या मित्राच्या, बँकोच्या भुतानं तर कमाल केली. जेवणावळीच्या जागी वार्षिक सर्वसाधारण सभा. मॅकबेथ खुर्चीकडे बघून किंचाळतो, बाकी कुणाला काही दिसत नाही. भूत आलं कसं? मुलांना प्रश्नच पडला नाही. मयत सभासद. यादीतून नाव कमी झालेलं नाही, म्हणून तो सभेला येतो, सही करतो आणि मतदानालाही येणार आहे. "मॅडम, आमच्याकडं येत्यात की," असं त्यांनी मला धीर दिला.

पहिल्या बाकावरची ती मुलगी याच गटात. ती मधेच रुसून बसली. तिनं खऱ्या मॅकबेथचा माग काढला होता. स्कॉटलंडवर त्यानं १०४० ते १०५७, चांगली सतरा वर्षं राज्य केलं. डंकन लढाईत मेला, झोपेत नव्हे, आणि बँको तर बहुधा झालाच नाही. शेक्सपिअरनं होलिन्शेडच्या बखरीवर भरवसा ठेवला. "म्हणजे ह्यानंबी तपासलं न्हाई," ती म्हणाली. त्यातून १६०३ साली इंग्लंडच्या गादीवर आलेला जेम्स राजा आपलं घराणं बँकोपासून आलं असं मानायचा, म्हणून नाटकातला बँको सज्जन. हे ऐकून कॉपीबहाद्दराचे डोळे चमकले. "सत्ताधारी पॅनेल! मग तेंचा आजा कशाला वाईट दाखवंल?" जेम्सच्या काळातल्या नाटकांवर याहून आटोपशीर टिपण मी वाचलेलं नाही.

भविष्यवाणीवर मात्र गटात भांडण लागलं. बर्नमचं रान डन्सिनेनच्या गडावर चालून आल्याशिवाय मॅकबेथला धोका नाही. इथे रान कुठलं? ऊस. पण ऊस तर दर हंगामाला ट्रॉल्या भरभरून कारखान्यावर चालून येतोच. मग मॅकबेथ दरवर्षी पडायला पाहिजे. बऱ्याच वादानंतर भविष्यवाणीत दुरुस्ती झाली: ऊस चेअरमनच्या बंगल्यावर आला तरच. आणि शेवटी थकलेल्या एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या ठरलेल्या किमान दरासाठी, शेतकरी डोक्यावर उसाच्या वाढ्याचे भारे घेऊन बंगल्याच्या फाटकाशी येतात. तालमीला खरं वाढं आणलं होतं. आमच्या शिपायानं ते संध्याकाळी म्हशीसाठी नेलं, त्यामुळे दुसऱ्या तालमीला रान आलंच नाही.

दुसरी भविष्यवाणी त्याहून अवघड. बाईच्या पोटी जन्मलेला कुणीही मॅकबेथला मारू शकणार नाही. मॅकडफ नावाचा सरदार मारतो, कारण त्याला आईच्या पोटातून वेळेआधी कापून काढलेलं असतं. मी मोठ्या गांभीर्यानं हे सांगितलं आणि वर्गात कुजबुज सुरू झाली. "मॅडम, म्हंजे सिझर?" हो. "मग त्यात काय? मॅकबेथला निम्मा वर्ग मारंल."

कॉपीबहाद्दर त्या दिवशीपासून झपाटला. सीझरच्या नावावरून सिझर म्हणतात असं सांगतात, तर सीझर तसाच जन्मला होता का, हे त्यानं आधी शोधलं. त्या काळात असं पोट कापायचे ते मरणाच्या दारातल्या बाईचं. सीझरची आई ऑरेलिया तर मुलगा चाळिशी ओलांडेपर्यंत जिवंत होती. तेव्हा नाही. मग त्यानं वर्गाचं सर्वेक्षण हाती घेतलं. तीन रकाने: नॉर्मल, सिझर, माहिती उपलब्ध नाही. नुसतं विचारून थांबला नाही. डिस्चार्ज कार्डं मागवली. एका नोंदीपुढे लिहिलं होतं, 'आई नॉर्मल म्हणते, कार्डावर सिझर, कार्ड ग्राह्य धरले.' कार्ड नसेल तिथे दोन वेगळ्या नातेवाइकांकडून पडताळणी. मी पीएचडीला इतकी शिस्त पाळली नव्हती.

मग तो वही घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, तुमचं?"

मी तिथूनच आईला फोन लावला. स्पीकरवर, पडताळणीसाठी.

"घरात झालीस," आई म्हणाली. "दाईनं केलं सगळं. कोण विचारतंय?"

"छे!" मागून मावशी. "मिरजेला, दवाखान्यात. पोट कापलं होतं. डबा मी न्यायचे."

"ते दादाच्या वेळी गं."

"दादाच्या वेळी मी नव्हतेच."

"बाळंतपण माझं झालं का तुझं?"

फोन बराच वेळ चालला. त्यात माझ्या बारशाचा एक जुना हिशेबही निघाला. तो ऐकणं भाग नव्हतं, पण वर्गानं मन लावून ऐकला. कॉपीबहाद्दरानं पेन्सिल कानामागे खोचली.

"मॅडम, दोन स्रोत जुळत न्हाईत," तो म्हणाला. "तुम्हाला तिसऱ्या रकान्यात घातलंय. कार्ड घावलं तर सांगा."