करंड्याच्या बुडावरचा शिक्का

आमच्या खानदेशातल्या धरणगावच्या घरात चांदीचा एक करंडा आहे. औट्रम या इंग्रज साहेबाने १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारली, तेव्हा खापरपणजोबा त्याच्या मदतीला होते आणि त्याने खूश होऊन हा करंडा दिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दर दिवाळीला तो रांगोळीने घासून लक्ष्मीपुढे ठेवतात.

२०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली, तेव्हा आप्पाकाका फोनवर तावातावाने म्हणाले, "ती महाराजांचीच कशावरून? पुरावा दाखवा!" मला ते शंभर टक्के पटलं. वाघनखांच्या पेटीवर साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याचं नाव आहे; पण महाराजांनी वापरली ती हीच, हे पडताळता येत नाही, असं संग्रहालयही सांगतं. मला लंडनमध्ये राहून ही सवय लागली आहे: वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेली, ते आधी विचारायचं.

म्हणून मी आप्पांना करंड्याच्या बुडाचा फोटो मागितला. त्यावर इंग्लंडमधले चांदीचे शिक्के दिसले. चालता सिंह, म्हणजे ९२.५ टक्के चांदी. जहाजाचा नांगर, म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमची. आणि एका बाईचं मस्तक, म्हणजे राणी व्हिक्टोरिया. चांदीवरचा कर भरल्याची ती खूण १८९० पर्यंत मारत. राणी गादीवर आली १८३७ मध्ये. औट्रमने खानदेश सोडला १८३५ मध्ये.

दोन दिवस आप्पा बोलले नाहीत. मग फोन आला. "भाऊ, हाऊ आपला आजाना मान शे. तू शिक्के मोजत बसलास."

त्यांचं दुखणं मला कळतं. पण साताऱ्याला लावलेली कसोटी धरणगावच्या कपाटालाही लागायला हवी, यावर मी ठाम आहे. औट्रम गळला म्हणून खापरपणजोबांचं काही कमी होत नाही. उलट करंडा खरंच कोणी, कशासाठी दिला, हे शोधायची वाट आता कुठे मोकळी झाली. "तूच लंडनला घेऊन जा आणि विचार," असं आप्पा रागाने म्हणाले, तेही होणे नाही: शंभर वर्षांवरची अशी वस्तू आपण देशाबाहेर नेणं १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तिची जागाही धरणगावातच आहे.

असा मानाचा करंडा सहसा रिकामा देत नसत. आत मानपत्र असायचं. ते कुठे गेलं, एवढंच मी आप्पांना विचारलं. काल त्यांनी माळ्यावरची पेटी उतरवली. कसर लागलेले, मोडी लिपीतले चार कागद निघाले. सोमवारी ते घेऊन आप्पा धुळ्याला, राजवाडे संशोधन मंडळात जाणार आहेत.