ट्रॉली स्पीकर की जोडलेला सेट : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी आन् भजनासाठी आवाजाचा सेट (अँप्लिफायरचा बोर्ड आन् स्पीकरची पेटी) घरीच जोडा असं मी लिहिलं ते लोकांना भलत्या नादी लावणं आहे, सहा-सात हजारात ट्रॉली स्पीकर मिळतो, त्यात बॅटरी, ब्लूटूथ, दोन माइक सगळं येतं, वॉरंटी पण असते, मग गावातल्या पोट्ट्यांच्या हाती सोल्डरिंग गन काऊन द्यायची आन् कोणाला शॉक लागला तर जबाबदार कोण. प्रश्न रास्त आहे म्हणून सविस्तर लिहून राहिलो.

आधी शॉकचं. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर असलं काही घरी जोडूच नका, मी तसं सांगतही नाही. लॅपटॉपच्या चार्जरसारखा २४ व्होल्टचा बंद अडॅप्टर विकत घ्यायचा, त्यावर १००-२४० छापलेलं पाहूनच, कारण मोटरपंप चालू झाले की आपल्याकडे व्होल्टेज किती खाली येतं ते तुम्हाला सांगायला नको. स्पीकरच्या पेटीत फक्त डीसी जातं. बॅटरीवर चालवायचं असेल तर प्लसच्या टोकापासून वीतभराच्या आत फ्यूज पाहिजेच पाहिजे. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण इन्व्हर्टरची मोठी बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होऊन पेट घेते. अजून एक, जास्त आवाजाच्या लोभात दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून चार्जिंग चालू असताना सेट लावू नका. चार्ज होताना एकेका बॅटरीवर १४.४ व्होल्ट येतात, दोघींचे झाले २८.८, आन् अँप्लिफायर बोर्डावरची टीपीए ३११६ ही आवाज वाढवणारी आयसी २६ व्होल्टपर्यंतच चालवायची आहे.

आता पैशाचं. जोडलेला सेट स्वस्त पडतो असं मी म्हणतच नाही, खर्च जवळपास तेवढाच येतो. पण तो खर्च कशावर होतो ते पाहा ना. ट्रॉलीच्या खोक्यावर हजारोंनी वॅट छापलेले असतात, ते पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, त्याला काही अर्थ नाही. मागचं लेबल वाचा, अडॅप्टर १५ व्होल्ट २ अँपिअरचा असेल तर लाइटवरून आत ३० वॅटच येतात, मग त्याहून जास्त सतत बाहेर कुठून निघणार?

आन् वॅटपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एका वॅटवर एक मीटर अंतरावर तो किती डीबी आवाज देतो, हे लोक पाहतच नाहीत. ८७ डीबीच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी १०० वॅट लागतात तेवढाच आवाज ९७ डीबीचा स्पीकर १० वॅटमध्ये देतो. म्हणून मी म्हणतो की पैसे रंगीत लाइट आन् रिमोटपेक्षा चांगल्या पीए ड्रायव्हरवर, म्हणजे सभेच्या सेटसाठी बनवलेल्या सुट्या स्पीकरवर, घाला. टीपीए ३११६ चा बोर्ड २४ व्होल्टवर ४ ओमला एका चॅनेलमागे ५० वॅटच्या आसपास देतो, लाइट गेली आन् १२ व्होल्टच्या बॅटरीवर आला की १५ वॅटच्या आसपास. ऐकायला हे लय कमी वाटते पण कानाला फरक पाचेक डीबीचाच, म्हणजे आवाज निम्माही होत नाही. लोडशेडिंगमध्ये प्रार्थना थांबत नाही, मला त्याचंच मोल आहे.

आवाजाच्या जातीबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, आन् माझा खरा जीव तिथं अडकला आहे. ट्रॉलीतला माइक इकोमधून जातो, बास फुगवलेला असतो. वाढदिवसाच्या गाण्यांना ठीक आहे. पण खंजिरीवर बोटं पडतात तेव्हा कातड्याचा ठोका आन् झांजांची किणकिण एकाच क्षणी यायला पाहिजे, इको चालू असला की पहिल्या ठोक्याची शेपटी दुसऱ्या ठोक्यावर येऊन पडते आन् लय गढूळ होते, शब्द तर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माणसांना कळतच नाहीत. वरून स्पीकर आन् गाणारे एकाच सतरंजीवर, म्हणजे कुईऽऽ ठरलेली. पेटी वेगळी असली तर वायर लांबवून ती माइकच्या पुढे, लोकांकडे तोंड करून ठेवता येते. ट्रॉलीही पुढं नेता येते हे मान्य, पण व्हॉल्यूमचं बटण तिच्यासोबतच पुढं जातं.

वॉरंटीचं म्हणाल तर ट्रॉलीत चार्जर, ब्लूटूथ, माइक, अँप्लिफायर बहुतेक एकाच बोर्डावर असतात. एक गेलं की सगळं गेलं, आन् तोच बोर्ड तालुक्याला मिळत नाही. जोडलेल्या पेटीत बोर्ड गेला तर चार-सहा वायरी काढून नवा लावायचा, आयसी दुरुस्त करायच्या भानगडीत पडायचं नाही.

माइक मात्र विकतच घ्या, चांगल्या कंपनीचा वायरवाला डायनॅमिक. मिक्सरही विकतच. आन् ज्या शाळेला २६ जानेवारी-१५ ऑगस्टलाच सेट लागतो तिनं खुशाल ट्रॉली घ्यावी, तिथं तुमचं बरोबर आहे. फक्त त्यात लेड अॅसिड बॅटरी असली तर ती रिकामी ठेवून कपाटात टाकू नका, सल्फेट धरून मरते, महिन्यातून एकदा तरी पूर्ण चार्ज करा.

तुमच्या मंडळानं ट्रॉली आधीच घेतली असेल तर ती फेकायचं काही कारण नाही जी. इको शून्यावर आणा, बास कमी करा, मागं ऑक्स आउट किंवा लाइन आउट, म्हणजे दुसऱ्या अँप्लिफायरला आवाज द्यायचं भोक, आहे का ते पाहा. असेल तर तिथून बाहेरचा बोर्ड आन् पेटी जोडता येते. मागच्या पॅनलचा फोटो टाका, कोणत्या पिनला काय लावायचं ते सांगतो.