समोरासमोर ठेवलं म्हणजे वायरिंग झालं?

मशीनची इलेक्ट्रिकल पॅनेल डिझाइन करणाऱ्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: 'ईप्लॅनमध्ये (पॅनेलची ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) सिम्बॉल समोरासमोर ठेवा, वायर आपोआप जोडली जाते. ड्रॉइंग हेच वायरिंग. फेरूल (वायरीवरचा नंबर), लांबी, डक्टमधला (वायरी नेायच्या पन्हळीतला) रस्ता, सगळं सॉफ्टवेअर बघतं.' दिवसभर हेच काम करतो, म्हणून राहवत नाही.

'आपोआप जोडली जाते.' जाते खरी, पण कशी ते बघा. दोन कनेक्शन पॉइंट एकाच आडव्या किंवा उभ्या रेषेत एकमेकांकडे तोंड करून आले, की ईप्लॅन त्या दोघांना जोडणारी रेघ ओढतं. त्याला सर्किट कळत नाही, सरळ रेषा कळते. जागा करायला म्हणून स्टॉप बटणाचा कॉन्टॅक्ट थोडा उजवीकडे सरकवलात आणि तो नेमका शेजारच्या कॉइलच्या डोक्यावर आला, तर तिथेही तितक्याच तत्परतेने जोडणी होते. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वायर तुम्हीच काढता, पण ती वायरच्या लेयरवर (ड्रॉइंगच्या त्यासाठीच्या थरावर) हवी. दुसऱ्या लेयरवरची रेघ दिसायला हुबेहूब वायर, रिपोर्टमध्ये मात्र गायब.

'ड्रॉइंग हेच वायरिंग.' खरी मेख इथे आहे. चार रिलेंचे (कॉइलला वीज मिळाली की चालणारे स्विच) ए2, म्हणजे कॉइलचं एक टोक, आणि 0 व्होल्टचं एक टर्मिनल घ्या. ड्रॉइंगमध्ये ती एक आडवी रेघ, पाचही बिंदू एकाच पोटेन्शियलवर (व्होल्टेजवर). पॅनेलमध्ये मात्र रेघ नसते, चार वायरी असतात. पाच बिंदू चार वायरींनी जोडायच्या 125 तऱ्हा होतात. एका बिंदूवर दोनाहून जास्त वायरी नकोत म्हटलं, तरी 60 उरतात. तसं म्हणावंही लागतं, कारण आयईसी 60204-1 या मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या मानकानुसार मुळात टर्मिनल त्यासाठी बनवलेलं असेल तरच त्यात एकाहून जास्त वायरी चालतात, आणि अर्थिंगची तर एका बिंदूवर एकच.

मग यातली एक तऱ्हा निवडतं कोण? टी-नोड, म्हणजे ड्रॉइंगमध्ये रेघेला फाटा फुटतो तिथलं चिन्ह. आधी कुठे जायचं आणि मग कुठे, हे त्याच्या त्या बारीकशा तिरक्या रेघेत लिहिलेलं असतं. उचलून तसाच टाकलात, तर निवड डिफॉल्टची. माझ्याच एका पॅनेलमध्ये असे टी-नोड राहून गेले आणि लूप पहिल्या रिलेवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, अशी गेली. काही महिन्यांनी मेंटेनन्सवाल्याने चालू मशीनवर (हे त्याने करायला नको होतं, ते सोडा) दुसऱ्या रिलेच्या ए2 मधल्या दोन्ही वायरी काढल्या. तिसरा आणि चौथा रिले पडले, मशीन बंद. ड्रॉइंगचं पोटेन्शियल बरोबर, वायरमननेही यादीबरहुकूम जोडलेलं. लूपचं शेवटचं टोक परत टर्मिनलवर आणलं असतं, किंवा दोन्ही वायरी एका ट्विन फेरूलमध्ये (हा फेरूल वेगळा, टोकांवर दाबायची धातूची नळी) क्रिंप करायला सांगितलं असतं, तर काही झालं नसतं. ते सांगणं माझं काम होतं.

'फेरूल सॉफ्टवेअर देतं.' देतं, आणि फार छान देतं. हा मुद्दा बिनशर्त मान्य.

'लांबी आणि रस्ता.' थ्रीडी लेआउटमध्ये वायर डक्टमधून नेऊन लांबी काढता येते, पण त्या डिव्हाइसचं प्रत्येक टर्मिनल नेमकं कुठे आहे आणि वायर त्यात कुठल्या बाजूने शिरते, हे लायब्ररीत कुणीतरी आधी भरलेलं असावं लागतं. घाईत बनवलेल्या पार्टमध्ये ते नसतंच. शिवाय सॉफ्टवेअरला जवळचा रस्ता प्रिय. व्हीएफडीची (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हची) मोटर केबल आणि 4-20 मिलिअँपिअरची सिग्नल वायर एकाच डक्टमधून नेऊ नको, हे आधी बजावून ठेवलं नसेल तर ते खुशाल नेतं. दरवाजावरच्या बटणांच्या वायरींना बिजागरीपाशी ढील लागते, तेही तसंच सांगून ठेवावं लागतं. आमचा जुना वायरमन यादीतला आकडा वाचतो, दरवाजा एकदा पूर्ण उघडून बघतो आणि वीतभर जास्त कापतो.